नाव नसलेल्या ओळी

"हे टोपीसारखं चिन्ह कशाला?" भार्गवकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला जवळजवळ नाक लावलं.

"ओळ इथून सुरू होते, असं सांगायला."

"आणि हा डॉलर?"

"ओळ इथे संपते."

"मग मधे काय?"

"मधे जे शोधायचंय ते."

काकांनी मान हलवली. निवृत्तीपर्यंत ते विद्युत मंडळात होते, त्यामुळे कुठलंही यंत्र कसं चालतं ते कळल्याशिवाय ते त्याला हात लावू देत नसत. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे एखाद्याचं नाव माहीत नसलं तरी त्याला शोधता येतं."

"हो. तो कसा दिसतो एवढं माहीत असलं की पुरे."

सांगलीला त्यांच्या घरी, समोरच्या खोलीत आम्ही बसलो होतो. रविवार होता. स्वयंपाकघरात शैलाकाकू आणि मैथिली काहीतरी निवडत बसल्या होत्या. मैथिली माझी बायको. पुण्याहून निघताना मी तिला म्हटलं होतं, तू नाही आलीस तरी चालेल, दिवसभर मी फाईलमधे डोकं घालून बसणार. ती काही न बोलता गाडीत येऊन बसली. त्या दिवसांत आमचं बोलणं एवढंच असायचं. दूध आणलं का, गॅस बंद केला का, येतेस का.

काम होतं आमच्या कुलवृत्तांताचं. नांदिवडेकर घराण्याचा मूळपुरुष कोण, त्याची मुलं कोण, त्यांची मुलं कोण, कुठली मुलगी कुठल्या घरी दिली, हे सगळं एका जाड ग्रंथात छापायचं. काकांनी निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य यात घातलं होतं. कोकणात गेले, नाशिकला गेले, बडोद्याच्या शाखेशी भांडून आले. बहुतेक सगळं दोन बोटांनी स्वतः टाईप केलं आणि उरलेलं निरनिराळ्या शाखांतल्या उत्साही मंडळींकडून करून घेतलं. त्या मंडळींनी आपापल्या लहरीप्रमाणे केलं. कुणी जन्मसाल आधी लिहिलं, कुणी कंसात. कुणी आखूड रेघ दिली, कुणी लांब. प्रत्येक माणसाला एक ओळ आणि प्रत्येक ओळ वेगळी. छापखान्याने फाईल परत पाठवली, तेव्हा काकांना मी आठवलो.

पुण्यातल्या कंपनीत माझं कामच हे. लोकांनी गचाळ करून ठेवलेली माहिती साफ करायची. त्यासाठी रेजेक्स नावाची एक युक्ती असते. साध्या शोधात तुम्ही एक शब्द देता आणि एडिटर, म्हणजे ज्यात फाईल उघडतो तो प्रोग्रॅम, तो शब्द शोधतो. इथे तुम्ही शब्द देत नाही, घडण देता. ओळीच्या सुरुवातीला आकडा, मग टिंब, मग कुठलाही मजकूर, मग कंसात चार आकडे. त्या घडणीत बसणारी प्रत्येक ओळ सापडते, मग ती लाखात कुठेही असो. खालच्या चौकटीत काय घालायचं ते लिहायचं, बटण दाबायचं, झालं. काही घातलं नाही तर ओळ नाहीशी होते.

मला हे काम तेव्हा फार बरं वाटत होतं. यात एकही ओळ वाचावी लागत नाही.

सकाळभर आम्ही काकांच्या यादीतले नियम एकेक करून उरकले. रिकाम्या ओळी गेल्या, दुहेरी टिंबं गेली, सगळी सालं कंसात जाऊन बसली. "के. भ. प." असं कुणीतरी कै. आणि ह. भ. प. यांची खिचडी करून ठेवलं होतं, तेही सुधारलं. काका खूश होते. इतक्या वर्षांचा केर एका सकाळी निघाल्यासारखं त्यांना वाटलं असणार. मधेच उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ते काकूंना म्हणाले, "बडोदेवाल्यांना सरळ केलं याने."

"जेवायला कधी बसताय ते सांगा," काकू म्हणाल्या.

काका परत येऊन बसले. यादीचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

"झालं?" मी विचारलं.

"झालंच म्हण."

"तुम्ही सकाळी म्हणालात आठवा नियम आहे."

"तो राहू दे. तो मी दुसऱ्या कुणाकडून करून घेईन."

"दुसरं कोण आहे काका? द्या इकडे."

त्यांनी खिशाला हात लावला आणि तसाच ठेवला. मग कागद न काढताच सांगितलं. "ज्यांना नाव नाही, त्या ओळी काढायच्या. बारशाआधी गेलेली मुलं. कुलवृत्तांताच्या समितीत ठरलंय. सूची करताना नाव लागतं, आणि शिवाय, म्हणजे असं काहींचं म्हणणं आहे, की हा ग्रंथ लोक लग्नामुंजीत आहेर म्हणून देणार." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तू नको करूस."

आमची मुलगी मिरजेला झाली. मैथिलीचं माहेर तिथलं. वेळेच्या फार आधी झाली आणि बारा दिवस होण्याच्या आत गेली. काचेच्या पेटीवर एक चिठ्ठी होती, "बेबी ऑफ मैथिली". नाव ठेवायचं राहिलं होतं. माझ्या आईचं म्हणणं, बारशाच्या आधी नाव उच्चारू नये, आणि आम्हालाही घाई नव्हती. मैथिली अजून हॉस्पिटलमधे पडून होती. सांगलीहून भार्गवकाका आले. पांढरं कापड त्यांनीच आणलं, मीठही आणलं. एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत हेही मला त्यांनीच सांगितलं. मी गाडीत मागे बसलो, मांडीवर ती. ते पुढे बसून ड्रायव्हरला रस्ता सांगत होते. त्यांना सगळं इतकं नेमकं कसं माहीत होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला तेव्हा कुठलाच प्रश्न पडत नव्हता. काहीच वाटत नव्हतं, आणि लोक समजत होते की मी खंबीर आहे.

मैथिलीने मला त्याबद्दल काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

काकांनी तिची नोंद केली असणार याची मला खात्री होती, कारण ते कुणालाच सोडत नाहीत. माझ्या नावाखाली कुठेतरी "१. कन्या –" अशी ओळ असणार आणि रेघेपुढे काही नसणार. ग्रंथ छापून आला की मैथिली आधी ते पान काढणार, हेही मला माहीत होतं. तिथे काही नसलं तर ती काही बोलणार नाही. पुस्तक मिटून कपाटात ठेवेल, आणि आमच्यात दूध आणि गॅसपुरतं जे उरलं होतं, तेही हळूहळू संपेल. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं, पण ते मला हलवत नव्हतं. नियम होता आणि माझी बोटं कीबोर्डवर होती.

"करतो मी," मी म्हटलं.

पॅटर्न, म्हणजे शोधायची घडण, सोपा होता. ओळीची सुरुवात, आकडा, टिंब, मग "कन्या" किंवा "पुत्र", मग रेघ, आणि रेघेनंतर एकतर ओळ संपते नाहीतर थेट कंस सुरू होतो. थोडक्यात, जिथे नाव हवं तिथे काही नाही. मी "सगळे शोधा" दाबलं. माझ्या एडिटरमधे सापडलेल्या ओळी खाली एका वेगळ्या पट्टीत एकाखाली एक येतात. त्या आल्या.

वाचायचं नाही असं ठरवूनही नजर गेली. कन्या, बारशाआधी. पुत्र, पाचवीच्या दिवशी. कन्या. कन्या. पुत्र, जुळ्यांतला. एवढ्या असतील असं मला वाटलं नव्हतं. नांदिवड्याची शाखा, नाशिकची, बडोद्याची, पेशवाईपासूनची.

पट्टीत प्रत्येक ओळीशेजारी तिचा क्रमांक असतो. आमची शाखा फाईलच्या शेवटी होती, म्हणून मी थेट तळाशी गेलो. आमची ओळ नव्हती.

पॅटर्न चुकला, हे माझ्या डोक्यात आलं ते पहिलं. आमच्या धंद्यात माणूस सापडला नाही की माणूस नाही असं कुणी म्हणत नाही, पॅटर्न चुकला असं म्हणतात. काकांनी तिथे लांब रेघ दिली असेल. मी लांब रेघ घातली. आणखी ओळी आल्या, आमची नाही. रेघेनंतर दोन जागा सुटल्या असतील. तेही घातलं. आणखी आल्या. कुणी "कन्या" ऐवजी "मुलगी" लिहिलं असेल, कुणी टिंबाऐवजी अर्धा कंस दिला असेल. पॅटर्न जितका सैल करत गेलो तितकी मुलं वाढत गेली. कुठल्या कुठल्या शाखांतून ती येत होती आणि आमची तेवढी येत नव्हती.

माझं स्वतःचं नाव घालून शोधलं असतं तर लगेच कळलं असतं. मला ते पान बघायचं नव्हतं.

"काय अडलंय?" काकांनी विचारलं.

"एक ओळ लागत नाहीये."

"कुठली?"

मी पुन्हा टाईप करायला लागलो. टोपी, आकडा, टिंब. कीबोर्डवरून न दिसणारी अक्षरंही कधीकधी पडतात, ती घातली. काका माझ्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे करून माऊस माझ्या हाताखालून हळूच काढून घेतला.

"ती नाही सापडायची अशी."

"का?"

"तिला नाव आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "मी फक्त टाईप केलंय. जिने सांगितलं तिला विचार."

मैथिली स्वयंपाकघरात नव्हती. काकूंनी मला बघितलं आणि हातातला चमचा मागच्या दाराकडे केला. मागे कपडे वाळत घालायची जागा आहे, तिथे ती दोरीवरचे टॉवेल काढत होती. सगळे टॉवेल अजून दमट होते.

"वाळले नाहीत ते," मी म्हटलं.

"हो का." तिने हातातला परत दोरीवर टाकला.

"काका म्हणाले तिला नाव आहे."

ती टॉवेलाची टोकं जुळवत राहिली. मग म्हणाली, "मी काकूंना फोन करते अधूनमधून. तुला माहीत नसेल."

"नाही."

"त्या काही बोलत नाहीत. मी बोलते. एकदा काकांनीच फोन घेतला. म्हणाले, मुली, मी नोंद करतोय, रेघेपुढे काय लिहू? कुणी मला असं विचारलंच नव्हतं. सगळे म्हणत होते दुसरं होईल." तिने चिमटा लावला. "मी सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

हे ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मी तिथे उभा होतो आणि पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"काय ठेवलंस?" मी विचारलं.

"रेवा."

एवढंच. नाव का, कुणाचं, काही नाही. मला वाटलं होतं आत काहीतरी हलेल. तसं काही झालं नाही. मी धुण्याच्या दगडावर बसलो. थोड्या वेळाने तीही शेजारी बसली.

"तू आत काय करतोयस?" तिने विचारलं.

"ज्यांना नाव नाही त्या ओळी शोधतोय."

"आणि?"

"काढायच्यात."

"बऱ्याच आहेत?"

"खूप आहेत."

ती उठली. "दाखव."

आम्ही आत आलो. काका खुर्चीतून उठले आणि ती त्यांनी मैथिलीला दिली. तिने पट्टी वरपर्यंत सरकवली आणि वाचायला लागली. मोठ्याने वाचत होती, हजेरी घ्यावी तशा सुरात. ओळीवर टिचकी मारली की वर फाईलमधली ती जागा उघडायची, तिथून आधी बापाचं नाव आणि मग ओळ. कृष्णाजी, कन्या, बारशाआधी. रघुनाथ, पुत्र. रघुनाथ, पुत्र. रघुनाथ, कन्या, पाचवीच्या आत. आईचं नाव कुठेच नव्हतं. काकूही हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. काका खिडकीशी गेले आणि बाहेर बघत राहिले.

वाचता वाचता मैथिली थांबली.

"भार्गव," ती म्हणाली. आणि मग हळू, "पुत्र, बारशाआधी."

काकांची मुलगी सुलभाताई नागपूरला असते. तिच्याआधी कुणी होतं, हे मला माहीत नव्हतं. माझ्या आईलाही माहीत नसावं. काका पाठमोरे होते. समितीत तो नियम कुणी मांडला होता, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

"ती आमची," काकू म्हणाल्या. "ओळ. वाच पुढे, थांबू नकोस."

मैथिलीने शेवटपर्यंत वाचलं.

"समितीने ठरवलंय," काका खिडकीकडेच तोंड करून म्हणाले. "नाव नाही तर सूचीत कुठे घालणार? नाव लागतं."

"मग घाला नाव," काकू म्हणाल्या.

"आता कुठून आणायचं? आईबाप गेले त्यांचे. कुणाला विचारणार?"

"मी तर आहे ना जिवंत?" काकूंनी पदराला हात पुसले. ते कधीच कोरडे झाले होते. "मी त्याला बाळ म्हणायचे. मनात म्हणते अजून. प्रत्येकीने तेच म्हटलं असेल. तेच लिहा."

"बाळ हे काय नाव धरायचं?"

"तुमच्या आत्तेभावाला अख्खं नांदिवडं बाळ म्हणतं. नातवंडं झाली त्याला. पत्रिकेवर बाळ, दारावरच्या पाटीवर बाळ. त्याला चालतं आणि यांना चालत नाही?"

काकांनी खिशातून यादीचा कागद काढला, उघडून बघितला आणि परत घडी केली.

"होईल का तसं?" त्यांनी मला विचारलं.

"होईल."

मैथिली बाजूला सरकली. मी पॅटर्नला थोडा हात लावला. ओळीत जे आधीपासून आहे ते कंसात धरून ठेवता येतं आणि बदलताना जसंच्या तसं परत ठेवता येतं. म्हणजे आकडा तोच, कन्या की पुत्र तेही तेच, बारशाआधी की पाचवीच्या आत तेही तसंच. फक्त मधल्या मोकळ्या जागेत शब्द घालायचा. या आठव्या नियमासाठी खालची चौकट मी रिकामी ठेवली होती. मी तिच्यात "बाळ" लिहिलं.

"दाबू?"

काका वळले. "दाब," ते म्हणाले.

मी दाबलं. खालची पट्टी रिकामी झाली, कारण नाव नसलेली ओळच आता फाईलमधे उरली नव्हती. काकू म्हणाल्या, "चला, पानं घेते," आणि आम्ही जेवायला बसलो. आमटी गार झाली होती. ती कुणी गरम करायला उठलं नाही.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. काकूंनी मैथिलीला गोडा मसाला बांधून दिला. गाडी कोपऱ्यावर आली तेव्हा मैथिली समोर बघत म्हणाली, "रेवाला कुठे ठेवलंत?"

मी गाडी बाजूला घेतली.

"नदीच्या अंगाला. हरिपूरकडे जाताना आत एक वाट जाते." मी आठवायला लागलो. ड्रायव्हरची मान आठवत होती, पांढरं कापड आठवत होतं. वाट कुठे वळते ते आठवत नव्हतं. "मला रस्ता नाही आठवत, मैथिली." आणि हे सांगताना मला रडू आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही रस्ता आठवत नाही म्हणून. मैथिलीने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि मी थांबेपर्यंत तसाच ठेवला.

मग मी गाडी वळवली.

काका अजून फाटकातच उभे होते. मी काच खाली केली आणि म्हटलं, "काका, ती जागा दाखवाल?"

"थांब," ते म्हणाले. आत जाऊन ते चपला घालून, हातात टोपी घेऊन आले. त्यांच्यामागून काकूही बाहेर आल्या. घरातल्याच साडीवर होत्या. त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि ओढून बघितलं.

"तू कुठे?" काकांनी विचारलं.

"मीही येते," काकू म्हणाल्या. "मला तुम्ही बाळाची अजून दाखवलेली नाही."

काकांनी गाडीचं मागचं दार उघडलं, काकू आत बसेपर्यंत धरून ठेवलं आणि नीट लावलं. मैथिली पुढून उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. काका माझ्या बाजूला बसले.

"सरळ घे," ते म्हणाले. "कुठे वळायचं ते मी सांगतो."